दिव्यांच्या माळा आणि अंगणातले ससे: अमेरिकेत नवं घर घेतलेल्यांसाठी

शिकागोच्या पश्चिमेला, नेपरव्हिलजवळ आम्ही घर घेतलं, त्या वर्षी वसुबारसेलाच पुढच्या अंगणातल्या झुडपांवर शंभर-शंभर दिव्यांच्या चार माळा टाकल्या. भाऊबीजेपर्यंत त्यातल्या दोन अर्ध्या विझल्या होत्या. वाटलं, माल हलका निघाला. नव्या आणल्या, तर तिसऱ्या दिवशी त्यांचीही तीच गत. शेवटी खाली बसून वायर हातात घेऊन पाहिली. जमिनीपासून वीतभर उंचीवर ती कात्रीनं कापावी तशी कापलेली होती आणि बाजूच्या गवतात वाटाण्याएवढ्या गोल लेंड्या पडल्या होत्या. शेजारचे आजोबा त्यांच्या ड्राइव्हवेवरूनच म्हणाले, "ससे!" त्यांच्या माळा दोन फुटांच्या वर का सुरू होतात, ते मला तेव्हा कळलं.

आता ऑक्टोबर लागला की ओळखीतल्या नव्या मराठी कुटुंबांकडून हाच प्रश्न येतो, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहिते आहे. आपल्याला हे जास्त भोवतं, त्याला कारण आहे. इथले बरेच लोक थँक्सगिव्हिंगनंतर माळा लावतात आणि नवीन वर्ष झालं की उतरवतात. आपण दिवाळीला लावतो आणि नाताळ उरकेपर्यंत ठेवतो. म्हणजे दोनेक महिने. नेमक्या त्याच दिवसांत हिरवं गवत संपतं आणि ससा काड्यांकडे वळतो.

आधी खात्री करा, की ससाच आहे

हा ससा म्हणजे ईस्टर्न कॉटनटेल. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या आणि मधल्या राज्यांत जवळजवळ प्रत्येक वस्तीत तो असतो. वजन किलो-सव्वा किलो, अंग तपकिरी, शेपटीखाली कापसाच्या बोंडासारखा पांढरा गोंडा. तो संध्याकाळी, रात्री आणि पहाटे चरतो, त्यामुळे दिवसा दिसला नाही म्हणजे नाही असं समजू नका. हिवाळ्यात तो झोपूनही राहत नाही. बर्फ पडला तरी रोज बाहेर पडतो आणि पाला नसल्यामुळे कोवळ्या फांद्या, कळ्या, साली खातो.

त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात आणि सतत कुरतडल्यामुळे झिजून मापात राहतात. बारीक फांदी तो एका चाव्यात तिरकी आणि स्वच्छ तोडतो. माळेची हिरवी वायर जाडीला त्याच फांदीएवढी असते आणि त्याच झुडपात लोंबत असते. झुडपात आत शिरायला वाट करायची असली तरी मध्ये येईल ते तो कातरतो. तुमच्या माळेवर त्याचा राग नाही, ती त्याच्या ताटात वाढलेली आहे एवढंच. हे एकदा ध्यानात आलं की पुढचे उपाय आपोआप सुचतात.

खारीचं काम वेगळं दिसतं. ती वर, पन्हळीपाशी किंवा झाडाच्या शेंड्याकडे कुरतडते, दिव्यांचे गोळेच तोडून नेते आणि वायरीचं प्लास्टिक ओरबाडल्यासारखं, झिरमिळ्या करून सोडते. उंदराचे दात अगदी बारीक असतात आणि त्याचा उपद्रव बहुतेक वेळा गराजमध्ये ठेवलेल्या खोक्यात होतो. हरणाच्या पायात किंवा शिंगात माळ अडकली तर ती ताणून तुटते, कापलेली दिसत नाही. जमिनीपासून दोन फुटांच्या आत, एका फटक्यात, स्वच्छ तिरका काप, कधी दोन काप आणि मधला तुकडा खाली पडलेला: हा ससा. शंका असेल तर पहिल्या बर्फाची वाट पाहा. सशाचे मोठे मागचे पाय पुढच्या पायांच्या पुढे उमटतात, तो ठसा एकदा पाहिला की विसरत नाही.

तुटलेल्या वायरीला हात लावण्याआधी

या भागावर मी जरा रेंगाळणार आहे. तेवढं ऐकून घ्या.

माळ अर्धी विझली म्हणजे तिच्यातली वीज गेली असं नाही. इथल्या घरगुती पुरवठ्यात १२० व्होल्ट असतात. जुन्या पद्धतीच्या बारीक दिव्यांच्या माळेत प्रत्येक दिवा अडीच व्होल्टचा असतो आणि असे ५० दिवे एकामागे एक जोडून तो हिशेब जुळवलेला असतो. १०० दिव्यांच्या माळेत ५०-५० चे दोन गट. सशानं एका गटाची वायर तोडली की तो गट विझतो, दुसरा छान उजळत राहतो. पण तुटलेल्या टोकापर्यंत वीज आलेलीच असते, आणि ते टोक ओल्या गवतात किंवा वितळत्या बर्फात पडलेलं असतं. एलईडी माळांतही असेच गट असतात, फक्त गटातल्या दिव्यांची संख्या वेगळी.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी घराच्या भिंतीवरचा प्लग काढा. टायमरनं किंवा फोनवरून बंद करणं पुरेसं नाही, प्लग हातानं ओढून बाहेर काढा. तिथं पोचायला ओल्या गवतातून, माळेवरून जावं लागत असेल, तर आत जाऊन ब्रेकर पाडा आणि मग बाहेर या. त्यानंतरच माळ उचला.

बाहेरचा आउटलेट जीएफसीआय प्रकारचा आहे का, हे आजच बघा. त्याच्यावर 'टेस्ट' आणि 'रीसेट' अशी दोन बटणं असतात. जाणारा आणि परत येणारा प्रवाह यांत साधारण ५ मिलिअँपचा फरक पडला, म्हणजे तेवढी वीज जमिनीत किंवा कुणाच्या अंगातून वाहू लागली, की तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. माळेच्या प्लगमध्ये जे इवलंसं फ्यूज असतं ते साधारण ३ अँपचं असतं. ते माळ जळू नये म्हणून आहे, माणसाला वाचवायला नाही. दोन्हींत गल्लत करू नका. माळा लावायच्या दिवशी 'टेस्ट' दाबून वीज जाते का पाहा, 'रीसेट' दाबून परत आणा, आणि पुढे महिन्यातून एकदा हेच करा. कधी कधी बाहेरच्या आउटलेटवर बटणं दिसत नाहीत कारण त्याचं संरक्षण गराजमधल्या किंवा तळघरातल्या जीएफसीआयकडून आलेलं असतं. ते 'टेस्ट' दाबून बाहेरची वीज गेली, तर प्रश्न मिटला. संरक्षण नसेलच, तर इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. तोवर बाहेर वापरायचा, वायरीसकट मिळणारा जीएफसीआय जोड हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, तो लावा.

हा आउटलेट वारंवार पडत असेल तर रीसेट दाबत बसू नका. कुठेतरी वायर उघडी पडली आहे आणि तो तुम्हाला तेच सांगतो आहे. आणि एक उलट बाजूही आहे: वायर तुटली पण टोक कशाला टेकलं नाही, तर तो पडणारही नाही. तेव्हा आउटलेट चालू आहे म्हणजे सगळं ठीक, असं धरून चालू नका.

लहान मुलं असलेल्या घरांना आणखी एक विनंती. फुलबाज्या लावायला मुलं अंगणात धावतात तेव्हा त्यांना पायाखालची वायर दिसत नाही. तुटलेली माळ 'उद्या काढू' म्हणून रात्रभर तशी ठेवू नका.

लोहार चाळीतल्या माळा

सामानातून मुंबईच्या लोहार चाळीतून घेतलेल्या माळा खूप जण आणतात. आई-वडील हौसेनं पाठवतात, नाही म्हणवत नाही. पण त्या २३० व्होल्टसाठी बनलेल्या असतात. इथं त्या मिणमिणतात किंवा लागतच नाहीत, आणि बहुतेकींची वायर उघड्यावरच्या बर्फासाठी केलेली नसते. प्लगचं अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतं, व्होल्टेज नाही. आकाशकंदील तिथलाच आणा, जरूर टांगा, पण आत इथला दिवा आणि इथली वायर घाला.

इथं माळ घेताना यूएल या सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेची चिठ्ठी बघा. लाल खूण असेल तर घरात आणि बाहेर दोन्हीकडे चालते, हिरवी असेल तर फक्त घरात. एकीच्या टोकाला दुसरी अशा किती माळा जोडता येतात हे खोक्यावर लिहिलेलं असतं, तो आकडा ओलांडू नका. एक्स्टेंशन कॉर्डवरच्या अक्षरांत 'डब्ल्यू' असेल, उदाहरणार्थ 'एसजेटीडब्ल्यू', तर ती बाहेरच्या हवेत वापरायची आहे. गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड, हे आपल्या अंदाजाच्या उलट असतं. १६ पेक्षा १४ जाड.

खरेदीच्या वेळीच सशाचा विचार केलात तर निम्मं काम होतं. मोठ्या गोळ्यांच्या, सी-नाइन म्हणतात त्या माळांची वायर जाड असते, ससा तिच्या वाटेला कमी जातो. झुडपावर पसरायच्या जाळीदार माळा सगळ्यात आधी बळी पडतात, कारण त्यांची खालची कड नेमकी त्याच्या तोंडाशी येते. आणि ज्यांच्या प्लगपाशी ट्रान्सफॉर्मर असतो, म्हणजे भिंतीवरच १२० चे २४ किंवा ३१ व्होल्ट होऊन पुढे जातात, त्या माळा ससा तोडेल, पण तुटलेल्या टोकाचा धोका कितीतरी कमी. थोडे पैसे जास्त लागतात. लहान मुलं किंवा कुत्रा असलेल्या घरात मी जमिनीलगतच्या भागासाठी दुसरं काही सुचवत नाही. फक्त तो ट्रान्सफॉर्मर बाहेर चालणारा असावा आणि जमिनीवर पडलेला नसावा.

पायरी १: उंची

सगळ्यात खात्रीचा आणि फुकटचा उपाय हाच. मागच्या पायांवर उभा राहून ससा साधारण दोन फुटांपर्यंत पोचतो. त्या उंचीखाली माळ नसेल तर तो काय तोडणार?

झाडाच्या खोडाला माळ गुंडाळताना बुंध्यापासून सुरू करू नका. अडीच फुटांवर पहिला वेढा घाला. रात्री पाहणाऱ्याला खालचा काळोख जाणवतही नाही. झुडूप लहान असेल तर माळ फक्त वरच्या पसाऱ्यावर टाका आणि उरलेलं टोक खाली लोंबू देऊ नका, वरच गुंडाळून झिप टायनं बांधा. पायवाटेच्या कडेला दिवे हवे असतील तर जमिनीत खोचायच्या, वर आकडा असलेल्या लोखंडी काठ्या मिळतात, त्यांच्यावरून एकीकडून दुसरीकडे माळ सोडा. व्हरांड्याचं रेलिंग, पन्हळ, दाराची चौकट, खिडक्या या जागा ससेमुक्त आहेत. पन्हळीवर प्लास्टिकचे क्लिप वापरा. खिळा किंवा स्टेपल वायरीत घुसला तर सशाची गरजच उरत नाही.

कुठलं झुडूप निवडता, यानंही फरक पडतो. गुलाब, बर्निंग बुश, क्रॅबअॅपल आणि कोवळी मेपल ही सशाची हिवाळ्यातली आवडती जेवणं. तिथं माळ टाकली तर तो येणारच. जुनिपर आणि बॉक्सवुड तो बहुधा सोडून देतो. स्प्रूसच्या खालच्या फांद्यांखाली मात्र तो लपून बसतो, तेव्हा स्प्रूसवर माळ लावायची तर वरच्या भागात.

आता बर्फाची गोष्ट, जी पहिल्या वर्षी कुणालाच सुचत नाही. एक फूट बर्फ साचून घट्ट झाला की ससा त्या बर्फावर उभा राहतो. तुमचे अडीच फूट तिथंच दीड फूट झाले. वाऱ्यानं ढीग लागला तर आणखी कमी. मोठा बर्फ पडून गेल्यावर फावडं घेऊन बाहेर जाताना ड्राइव्हवेसोबत झाडाभोवतीचा बर्फही हातभर लांब सारा.

पायरी २: आडोसा

काही माळा खाली राहणारच. आउटलेटपासून झाडापर्यंतची कॉर्ड तर जमिनीवरूनच जाते. तिच्यासाठी आडोसा लागतो.

झुडपासाठी षटकोनी भोकांची तारेची जाळी घ्या, इथं तिला चिकन वायर म्हणतात. भोक एक इंचाचं, उंची किमान दोन फूट, आणि तुमच्याकडे बर्फ जास्त असेल तर तीन फूट. झुडपापासून चार-सहा इंच अंतर ठेवून गोल कुंपण करा. झुडपाला चिकटवलंत तर ससा भोकातून तोंड घालून जवळची काडी ओढतो. दर दोन फुटांवर लाकडी किंवा बांबूची काठी ठोका, खालची कड यू-आकाराच्या सहा इंची पिनांनी जमिनीला घट्ट दाबा, कारण ससा उडी मारण्यापेक्षा खालून सरकणं पसंत करतो. जमीन गोठण्याआधी हे करा. डिसेंबरात पिन आत जात नाही.

इथं दोन गोष्टी सांभाळा. माळ त्या जाळीला बांधू नका किंवा टेकू देऊ नका. कापलेल्या तारेची टोकं वायरीत रुततात, आणि उघडी वायर जाळीला टेकली तर अख्खं कुंपण विजेचं होतं. दुसरं, काठ्या-खुंट्या खोल ठोकायच्या किंवा चर खणायचा असेल तर आधी ८११ ला फोन करा. हा देशभर चालणारा क्रमांक आहे. जमिनीखालून गॅसची, विजेची लाइन कुठून गेली आहे त्याच्या खुणा करून देतात, पैसे लागत नाहीत. मात्र दोन-तीन दिवस आधी कळवावं लागतं, म्हणजे धनत्रयोदशीच्या सकाळी सुचून उपयोग नाही.

पुढच्या अंगणात कुंपण दिसलेलं तुमच्या घरमालक संघटनेला चालतं का, तेही विचारून घ्या. काळ्या किंवा हिरव्या प्लास्टिकचा मुलामा असलेली जाळी वीस पावलांवरून दिसत नाही, आणि दिवे लागल्यावर तर नाहीच.

कॉर्डसाठी चीर असलेली, वळ्यावळ्यांची काळी प्लास्टिकची नळी मिळते, मोटारीच्या सामानाच्या दुकानातही असते. स्प्लिट लूम म्हणून मागा, अर्ध्या किंवा पाऊण इंचाची. चिरेतून कॉर्ड आत सरकवायची आणि दर फुटावर झिप टाय ओढायचा. जाड, कडक आणि गुळगुळीत गोष्ट सशाला काडीसारखी वाटत नाही, तो बहुधा हुंगून पुढे जातो. कुरतडलंच तरी आधी नळी खर्ची पडते आणि सकाळी तुमच्या लक्षात येतं. कायमची वाट असेल तर राखाडी पीव्हीसी पाइप त्याहून बरा. नळीची तोंडं टेपनं बंद करू नका. आत शिरलेलं पाणी बाहेर पडायला वाट हवी.

दोन कॉर्डचा जोड मात्र नळीत लपवू नका. जोड जमिनीपासून फूटभर वर, काठीला बांधलेला, तोंड खाली करून ठेवा. त्यासाठी झाकणाचे प्लास्टिकचे डबेही मिळतात. जोड गुंडाळायला फ्रीजरची पिशवी वापरणारी खूप घरं मी पाहिली आहेत. तिच्यात पाणी साचून राहतं, ती नको.

पायरी ३: चव आणि वास

बहुतेकांना हा उपाय आधी हवा असतो, कारण फवारा मारला की झालं असं वाटतं. मी तो मुद्दाम तिसरा ठेवला आहे. उंची आणि आडोसा झाल्यावर जे उरतं, तेवढ्यापुरताच तो उपयोगी पडतो.

बागेच्या दुकानात सशासाठी दोन तऱ्हेचे फवारे असतात. कुजक्या अंड्याच्या किंवा वाळवलेल्या रक्ताच्या वासाचे, जे सशाला धोक्याची सूचना देतात. आणि तिखट किंवा कडू चवीचे. पहिल्या तऱ्हेचा वास वाळल्यावर माणसाला जाणवत नाही असं बाटलीवर म्हटलेलं असतं. तरी दाराशी पाहुणे येणार असतील त्याच्या दोन दिवस आधीच मारा. पाऊस किंवा बर्फ येऊन गेला की पुन्हा मारावा लागतो, आणि गोठणबिंदूच्या खाली तो नीट वाळत नाही. माळ प्लगमधून काढून, खालच्या भागापुरता, वायरीवर मारा. सॉकेट आणि जोड टाळा. पूर्ण वाळल्यावरच प्लग लावा.

घरी मिरचीचं पाणी करून मारू का, असं नेहमी विचारतात. नका करू. घरच्या पाण्याचं प्रमाण ठरलेलं नसतं, ते चिकटून राहत नाही, वाऱ्यानं डोळ्यांत जातं, आणि माळ काढताना तीच बोटं मूल तोंडात घालतं.

डांबर गोळ्यांबद्दल तर कळकळीनं सांगते. आपल्याकडे कपाटात, मोरीत, कुठेही त्या टाकायची सवय असते. इथं त्या उघड्यावर टाकणं बेकायदा आहे. कीटकनाशक फक्त त्याच्या वेष्टनावर लिहिलेल्या कामासाठीच वापरायचं असा केंद्राचा कायदा आहे, आणि या गोळ्या बंद डब्यातल्या कपड्यांसाठी असतात. बागेत टाकल्यावर त्या माती-पाण्यात मिसळतात आणि लहान मुलांना पेपरमिंटच्या गोळ्यांसारख्या दिसतात. उंदराचं विष टाकणंही तसंच. ते शेजारच्या कुत्र्यापर्यंत आणि विष खाल्लेला प्राणी खाणाऱ्या घुबडापर्यंत जातं.

पिंजऱ्यात धरून लांब सोडून येण्याचा विचारही काढून टाका. इलिनॉयसह बऱ्याच राज्यांत त्यासाठी राज्याच्या वन्यजीव खात्याची परवानगी लागते. शिवाय भर थंडीत अनोळखी जागी सोडलेल्या सशाला ना लपायची जागा ठाऊक असते ना खाणं, आणि तुमच्या अंगणातली रिकामी जागा महिन्याभरात दुसरा भरून काढतो.

प्लास्टिकचं घुबड, साबणाच्या वड्या, केस, आवाज करणारी यंत्रं यांवर मी पैसे घालवणार नाही. ससा दोन-चार दिवसांत सरावतो. हालचाल दिसताच पाणी उडवणारा फवारा उन्हाळ्यात चालतो, पण दिव्यांच्या माळांजवळ तो नको, आणि थंडीत त्यातलं पाणी गोठतं.

पायरी ४: त्याला बोलावू नका

हॅलोविनचा भोपळा दाराशी सडत ठेवू नका. पक्ष्यांना दाणे घालत असाल तर खाली सांडलेले झाडून घ्या, किंवा ते टांगणं माळांपासून दूर न्या. पाचोळ्याचे आणि छाटलेल्या फांद्यांचे ढीग, डेकखालची मोकळी जागा हे त्याचं घर. डेकखाली जाळी लावायची असेल तर आत कुणी नाही ना हे आधी पाहा. चिमूटभर पीठ तोंडाशी पसरून सकाळी पावलं तपासता येतात.

काही जण सशासाठी मागच्या अंगणात सफरचंदाच्या छाटलेल्या फांद्या टाकतात, म्हणजे तो पुढच्या माळांकडे येणार नाही. मला ते पटत नाही. जेवण वाढलं की पंगतही वाढते.

रोजची फेरी, आणि तुटलेल्या माळेचं काय

टायमर सूर्यास्त ते रात्री दहा असा लावा. यानं ससा थांबत नाही, विझलेली वायरही तो तोडतो. पण रात्री दहा ते पहाट, तो फिरत असतो तेव्हा, वायरीत वीज नसते. त्याच्या जिवाचाही प्रश्न आहेच. चालू वायर चावताना ससा भाजू शकतो, मरू शकतो. आठवड्यातून दोनदा, दिवसाउजेडी, प्लग काढून खालच्या भागावरून नजर फिरवा. पाच मिनिटांचं काम आहे.

तुटलेली बारीक दिव्यांची माळ दुरुस्त करू नका. काळी टेप गुंडाळून वापरणारे खूप आहेत. थंडीत त्या टेपचा चिकटपणा जातो आणि आत ओल शिरते. शिवाय तीन वायरींपैकी कुठली कुठे जाते, यात नवख्याची चूक होते. नवी माळ घ्या. जुनी कचऱ्यात टाकण्याऐवजी नोव्हेंबर ते जानेवारीत काही हार्डवेअरची दुकानं आणि गावाची पुनर्वापर केंद्रं माळा गोळा करतात, तिथं द्या, तांबं वाया जात नाही. सी-नाइनच्या जाड, सपाट वायरीला मात्र त्याच मापाचे वेगळे प्लग आणि सॉकेट विकत मिळतात. तुटलेला तुकडा कापून टाकून नवं टोक बसवता येतं. तेही घरात, कोरड्या टेबलावर, खोक्यावरच्या सूचना वाचून.

जानेवारीत उतरवताना प्रत्येक माळ हातातून सरकवत तपासा. कुरतडलेली बाजूला, चांगली पुठ्ठ्यावर गुंडाळून घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात. पुठ्ठ्याच्या खोक्यात गराजमध्ये ठेवल्या तर सशापासून वाचलेल्या माळा उंदराला मिळतात.

जाळी मात्र लगेच काढायची घाई नको, झुडपांना ती मार्चपर्यंत उपयोगी पडते. ती काढून पहिल्यांदा गवत कापण्याआधी अंगणातून एकदा सावकाश चाला. कॉटनटेलची मादी उघड्या हिरवळीतच उथळ खळगा करून, त्यात वाळलं गवत आणि स्वतःच्या अंगावरचे केस पसरून पिल्लं घालते. गवताची एखादी वाळकी, उंचावलेली चकती दिसली आणि बाजूला केल्यावर खाली मऊ केस दिसले, तर ती तशीच परत झाका. मादी दिसत नाही म्हणून पिल्लं उचलून घरात आणू नका. ती फक्त संध्याकाळी आणि पहाटे दूध पाजायला येते. तीनेक आठवड्यांत पिल्लं आपणहून निघून जातात. तोवर तेवढ्या जागेभोवती चार काठ्या खोचून ठेवा आणि मशीन तिथून वळवून न्या.